प्रस्तावना : पास म्हणणाऱ्याकडे लक्ष ठेवा

डॉमिनो हे नाव मराठी वाचकाला बहुधा तीन ठिकाणी भेटलेलं असतं. एक, पिझ्झाच्या खोक्यावरची लाल-निळी सोंगटी. दोन, उभ्या ठोकळ्यांची नागमोडी रांग आणि बोटाच्या एका धक्क्याने तिचं कोसळत जाणं. नेदरलँड्समधल्या लेउवार्डन शहरात २००९ साली अशा एका कार्यक्रमात ४४,९१,८६३ ठोकळे पडले होते. तीन, वर्तमानपत्रांतला ‘डॉमिनो इफेक्ट’. एक देश हातचा गेला की शेजारचाही जाणार, हे सांगायला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ७ एप्रिल १९५४ च्या पत्रकार परिषदेत पडत्या सोंगट्यांची उपमा दिली आणि ती राजकारणाच्या भाषेत कायमची रुजली. या तिन्ही ओळखींमध्ये खेळ मात्र कुठेच नाही. सोंगट्या घरात असतात, मुलं त्या ओळीने उभ्या करतात, पाडतात आणि खोक्यात भरून टाकतात. त्या मुळात कशासाठी घडवल्या गेल्या, हे खोकं विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ही पुस्तिका त्या खेळासाठी आहे. नियम सांगणं हे तिचं पहिलं काम, आणि ते सोपं आहे. डॉमिनोचे मूळ नियम पाच मिनिटांत समजतात. अडचण तिथूनच सुरू होते. पाच मिनिटांत समजलेला खेळ पोरखेळ वाटतो : चाराला चार लावा, दोनाला दोन लावा, हातातल्या सोंगट्या आधी संपवणारा जिंकला. एवढंच असतं तर क्यूबापासून व्हेनेझुएलापर्यंत मोठी माणसं रोज संध्याकाळी अंगणात टेबल टाकून तासन् तास बसली नसती. डॉमिनोतलं खरं कौशल्य समोरच्यांकडे काय नाही हे ओळखण्यात आहे. जी सोंगटी खेळली गेली ती सगळ्यांना दिसते. जी खेळता आली नाही, ती फक्त लक्ष देणाऱ्याला दिसते. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती रचली आहेत, म्हणून ती इथेच सांगून ठेवतो.

आधी थोडा इतिहास. ठिपक्यांच्या सोंगट्यांचा सर्वांत जुना खात्रीचा लेखी उल्लेख चीनमधला आहे. तेराव्या शतकातल्या झोऊ मी या लेखकाने हांगझोऊ शहराच्या आठवणी लिहिताना फेरीवाल्यांच्या मालाची जी यादी दिली आहे, तिच्यात फाशांच्या बरोबरीने या पट्ट्याही आहेत. फाशांशी त्यांचं नातं नुसतं शेजाराचं नाही. दोन फासे टाकले तर एकवीस वेगवेगळी दानं पडू शकतात, आणि चिनी संचातली प्रत्येक सोंगटी म्हणजे असं एक दान. त्यांतली अकरा दानं दोनदा येतात, म्हणून चिनी संच ३२ सोंगट्यांचा होतो. दोन सहांची सोंगटी तिथे ‘स्वर्ग’, दोन एकांची ‘पृथ्वी’ आणि दोन चारांची ‘मनुष्य’. कोरी बाजू त्या संचात नाही. खेळही जुळवण्याचे नाहीत. ते आपल्या पत्त्यांसारखे वरचढ सोंगटीने हात जिंकण्याचे किंवा पैज लावण्याचे आहेत.

युरोपात सोंगट्या दिसू लागल्या त्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटलीत. त्या चीनमधून आल्या की तिथेच नव्याने सुचल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण युरोपीय संचात दोन मोठे फरक पडले. पुनरावृत्ती गेली आणि कोरी बाजू, म्हणजे शून्य, आली. एकवीस दानं आणि कोऱ्या बाजूच्या सात सोंगट्या मिळून २८ झाल्या. टोकाला टोक जुळवण्याचा खेळ हा या युरोपीय संचाचा. इटलीतून तो शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये आणि शतक संपता संपता इंग्लंडमध्ये पोचला. पुढे युरोपीय सत्तांच्या जहाजांमागोमाग तो कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेत गेला, आणि तिथे इतका मुरला की आज डॉमिनो म्हटलं की लिस्बन-पॅरिसच्या आधी हवाना आणि किंग्स्टन आठवावं. जुने संच वर हाड किंवा हस्तिदंत, खाली शिसवी लाकूड आणि दोन्हींना धरून ठेवणारी मधोमध पितळी खीळ असे असत. आता बहुतेक संच प्लास्टिकचे मिळतात. विकत घेताना एकच पाहावं : पाठीवर ओरखडा किंवा डाग नको. पाठ ओळखता आली की खेळ संपला.

आता संच समोर घ्या. सोंगटी लांबट आयताकृती, मधल्या रेघेने दोन घरांत विभागलेली. प्रत्येक घरात शून्य ते सहा ठिपके. शून्याच्या घराला आपण कोरं म्हणू, आणि दोन्ही घरांत एकच आकडा असलेल्या सोंगटीला डबल. डबल सात आहेत, बाकीच्या एकवीस दोन वेगळ्या आकड्यांच्या. कोणताही एक आकडा बरोबर सात सोंगट्यांवर असतो. उदाहरणार्थ चार : ४-०, ४-१, ४-२, ४-३, ४-४, ४-५, ४-६. हा ‘सात’ पाठ करा. या खेळातलं सगळं गणित त्यात आहे. सगळ्या ठिपक्यांची बेरीज १६८ येते. म्हणजे चौघांत सात-सात वाटल्या तर सरासरीने प्रत्येकाच्या हातात ४२ ठिपके. आपल्या हातात साठ असतील तर हात जड, पंचवीस असतील तर हलका, हे पहिल्या नजरेत कळतं. डाव अडला तर जड हाताला त्याची किंमत मोजावी लागते.

खेळाचा गाभा मराठी घराला अनोळखी नाही. ज्याने बदाम सात खेळला आहे, त्याला निम्मा डॉमिनो आधीच येतो. मांडलेल्या रांगेला दोन टोकं, आपल्या पाळीला कोणत्या तरी टोकाला जोडायचं, जमलं नाही तर पास, आणि हात आधी रिकामा करणारा विजयी. इंग्रजीत त्या पत्त्यांच्या खेळाला जी नावं आहेत, त्यांतलं एक ‘डॉमिनो’ हेच आहे. इस्पिकची सहा मुद्दाम दाबून ठेवून समोरच्याची पंजी, चौकी अडवण्याचा जो आनंद आपल्याला ठाऊक आहे, तोच इथेही आहे. फरक असा की पत्त्यांत कोणाची अडवणूक कुठे होणार ते पान ठरवतं. इथे टोकं दर खेळीला बदलतात, त्यामुळे अडवणूकही दर खेळीला नव्याने रचावी लागते.

शिकायची सुरुवात दोघांनी करावी. सगळ्या सोंगट्या पालथ्या करून दोन्ही हातांनी ढवळा. प्रत्येकाने सात उचलून आपल्यासमोर अशा उभ्या कराव्यात की समोरच्याला फक्त पाठी दिसतील. उरलेल्या चौदा बाजूला राखीव. ज्याच्याकडे सर्वांत मोठा डबल आहे, त्याने तो मांडून उतारी करायची. कोणाकडेच डबल नसेल तर सर्वांत जास्त ठिपक्यांची सोंगटी. दुसऱ्याने तिच्या टोकाला जुळणारी सोंगटी लावायची. डबल आडवा ठेवतात, तो केवळ ओळखू यावा म्हणून. या साध्या खेळात त्यातून नवी फांदी फुटत नाही. रांग टेबलाच्या कडेला आली की वळवावी. जुळणारी सोंगटी हातात नसेल तर जमेपर्यंत राखीव ढिगातून उचलत राहायचं. दोघांच्या खेळात शेवटच्या दोन सोंगट्या न उचलण्याची पद्धत आहे. त्याने थोडी अनिश्चितता शिल्लक राहते आणि डाव शेवटपर्यंत जिवंत राहतो. तिघे किंवा चौघे असतील तर या प्रकारात पाच-पाच वाटाव्यात. हात संपवणाऱ्याला समोरच्यांच्या हातात उरलेल्या ठिपक्यांइतके गुण. शंभर आधी गाठणारा जिंकला.

हा झाला उचलण्याचा डॉमिनो. लहान मुलांबरोबर, प्रवासात, पावसाळी दुपारी तो छान चालतो. पण त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. सोंगट्यांची खरी परीक्षा चौघांच्या खेळात, जिथे ढीग उरतच नाही.

चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. सात-सात सोंगट्या वाटल्या की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हातात येतात. पहिल्या डावात डबल सहा ज्याच्याकडे असेल त्याने तो मांडायचा, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखाच्या रिवाजाने पाळी उजवीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. जुळत नसेल तर ‘पास’ म्हणायचं. उचलायला काही नाही, म्हणून पासचा अर्थ पक्का : या दोन टोकांवरचे दोन्ही आकडे या माणसाकडे नाहीत. जुळणारी सोंगटी हातात असताना पास म्हणणं हा नियमभंग आहे, आणि ते योग्यच आहे. पास खोटा असू शकला तर या खेळात विचार करण्यासारखं काही उरणारच नाही.

एक छोटा डाव पाहू. तुम्ही डबल सहा मांडला. उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने ६-३ लावली. तुमच्या भिडूने तीनाला ३-५ लावली. आता टोकं सहा आणि पाच. डावीकडचा प्रतिस्पर्धी पास म्हणाला. त्याच्याकडे एकही सहा नाही आणि एकही पाच नाही, हे आता सगळ्या टेबलाला माहीत आहे. तुमच्या हातात ५-६, ६-१ आणि ६-४ आहेत. तुम्ही पाचाला ५-६ लावली. दोन्ही टोकांना सहा झाले. आता हिशोब करा. सहाच्या सातांपैकी तीन टेबलावर, दोन तुमच्या हातात. उरल्या ६-० आणि ६-२. डावीकडच्याकडे त्या नाहीतच. तेवढ्यात उजवीकडचाही पास म्हणाला. म्हणजे ६-० आणि ६-२ दोन्ही तुमच्या भिडूकडे. चार खेळ्या आणि दोन पास, एवढ्यात एक अख्खा आकडा कोणाकडे किती हे तुम्हाला उघडं दिसतं आहे, आणि ते दाखवलं कोणी? सोंगटी मांडणाऱ्यांनी थोडं, पास म्हणणाऱ्यांनी जास्त.

हा खेळ एका मुक्याने शोधून काढला, असं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत गमतीने म्हणतात. टेबलावर गप्पा मारणाऱ्याला गप्प बसवायला तो टोमणा वापरतात, पण त्यात खेळाचं मर्म आहे. भिडूशी बोलायला बंदी, खुणा करायला बंदी. जे सांगायचं ते सोंगटीने सांगायचं. उतारी करणारा जो आकडा मांडतो, तो बहुधा त्याच्या हातात भरपूर आहे, म्हणून भिडूने ते टोक विनाकारण झाकू नये. भिडूचा आकडा पुन्हा टोकाला आणून देणं म्हणजे त्याला साथ देणं. प्रतिस्पर्धी ज्या आकड्यावर पास झाला, तो आकडा टोकाला धरून ठेवणं म्हणजे त्याला बांधून ठेवणं. विचार करायला लागलेला वेळही बोलका असतो. एकच सोंगटी जुळत असेल तर माणूस ती लगेच ठेवतो. थांबला, म्हणजे त्याच्यापुढे निवड आहे. म्हणून मुरलेले खेळाडू निवड असो वा नसो, एकाच लयीत खेळतात.

नवशिक्याने दोन गोष्टी आधी अंगवळणी पाडाव्यात. पहिली, डबल लवकर उतरवावेत. ६-४ ला सहा चालतो, चार चालतो. ६-६ ला फक्त सहा. त्या आकड्याच्या इतर सहा सोंगट्या निघून गेल्या आणि टोक झाकलं गेलं की डबल हातातच मरतो. दुसरी, हातात आकड्यांची विविधता टिकवावी. शेवटच्या तीन सोंगट्यांत पाच-सहा वेगळे आकडे असणारा क्वचितच अडतो. तीनही सोंगट्या दोनाच्या असणारा दोनाची वाट पाहत बसतो.

काही वेळा डाव अडतो. दोन्ही टोकांना जो आकडा आहे, त्याच्या सातही सोंगट्या खाली गेलेल्या असतात आणि कोणालाच हलता येत नाही. मग ठिपके मोजतात. ज्यांच्याकडे कमी, ते जिंकतात. इथे संचाच्या रचनेतली एक सुंदर गोष्ट आहे. एक आकडा एकूण आठ घरांत येतो, कारण डबलमध्ये तो दोनदा असतो. रांगेच्या आत प्रत्येक सांध्यात तो दोन-दोनने खर्च होतो. आठ ही सम संख्या, म्हणून सातही सोंगट्या खाली गेल्या तर तो आकडा एक तर कुठल्याच टोकाला नसतो, नाही तर दोन्ही टोकांना असतो. चौघांच्या खेळात अडलेल्या डावाची दोन्ही टोकं नेहमी एकाच आकड्याची असतात ती यामुळे. याच कारणाने सगळ्या अठ्ठावीस सोंगट्या एका रांगेत जुळवल्या तर पहिलं आणि शेवटचं टोक सारखंच येतं. यावर एक जुनी जादू आहे. संचातून एक सोंगटी, समजा ५-२, गुपचूप खिशात टाका आणि मित्रांना उरलेल्या सत्तावीसच्या सत्तावीस एका रांगेत लावायला सांगा. ते कशाही लावोत, टोकांना पाच आणि दोन येणार, आणि ते तुम्ही आधीच कागदावर लिहून ठेवलेलं असेल. खिशात डबल मात्र टाकू नका. पूर्ण संच एका ओळीत किती प्रकारे लावता येतो, हे गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मोजलं : ७९,५९,२२,९९,३१,५२० प्रकारे. जवळजवळ आठ लाख कोटी.

देशोदेशी या खेळाने वेगळी वळणं घेतली आहेत. त्यांचे तपशील पुढच्या प्रकरणांत येतील. इथे ओळख पुरे. हवानामध्ये डबल नऊपर्यंतचा ५५ सोंगट्यांचा संच चालतो. चौघांना दहा-दहा वाटून पंधरा पालथ्या राहतात, त्यामुळे तिथे पास झाला तरी उरलेल्या सोंगट्या कुठे, हे पक्कं सांगता येत नाही. पूर्व क्यूबा मात्र २८ च्या संचाला चिकटून आहे. क्यूबातून बाहेर पडलेल्यांनी हा खेळ मायामीत नेला. तिथल्या लिटल हवाना वस्तीतल्या मॅक्सिमो गोमेझ पार्कला लोक ‘डॉमिनो पार्क’ म्हणूनच ओळखतात. जमैकात सोंगटी ठेवत नाहीत, टेबलावर आपटतात. सलग सहा डाव जिंकून समोरच्याला एकही न देणं ही तिथली मोठी शान. प्वेर्तो रिकोसारख्या ठिकाणी शेवटची सोंगटी दोन्ही टोकांना चालणारी असेल तर जादा गुण मिळतात.

इंग्लंडच्या पबमध्ये पास म्हणण्याऐवजी टेबलावर टकटक करतात. ‘फाइव्ह्ज अँड थ्रीज’ हा तिथला लाडका प्रकार. प्रत्येक खेळीनंतर दोन्ही टोकांची बेरीज करायची; ती पाचाने किंवा तीनाने भागली गेली तर भागाकाराइतके गुण. एका टोकाला आडवा डबल सहा आणि दुसऱ्याला तीन आले की बेरीज पंधरा : पाचाने तीन, तीनाने पाच, एकूण आठ गुण. एका खेळीत याहून जास्त मिळत नाहीत. नेमके ६१ गुण करणारा जिंकतो. नेमके म्हणजे नेमके, त्यामुळे शेवटी एका-दोन गुणांसाठी भल्याभल्यांचा घाम निघतो. शाळेतल्या मुलांना बेरीज-भागाकाराचा सराव द्यायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

टेक्सासने तर सोंगट्यांचे पत्ते केले. तिथल्या ‘फॉर्टी-टू’ या खेळात बोली आहे, हुकूम आहे, हात करणं आहे. घरी पत्त्यांना मज्जाव असलेल्या बॅप्टिस्ट कुटुंबांतल्या दोन मुलांनी १८८७ च्या सुमाराला तो रचला, असं सांगितलं जातं. पत्ते पाप आणि सोंगट्या निर्दोष, ही सोय मुलांनी बरोबर हेरली. सात हातांचे सात गुण, आणि ज्या सोंगट्यांची बेरीज पाच किंवा दहा येते त्यांचे पस्तीस, मिळून बेचाळीस. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हा प्रकार पहिल्याच बैठकीत जवळचा वाटेल.

या पुस्तिकेची मांडणी शिकण्याच्या क्रमाने केली आहे. पहिली दोन प्रकरणं दोघांच्या आणि चौघांच्या साध्या खेळाची. तिसऱ्यात संपूर्ण डाव खेळी-खेळीने लिहून दाखवले आहेत. ते नुसते वाचू नयेत, सोंगट्या मांडून पाहावेत. त्यापुढे गुण मोजण्याच्या पद्धती आणि देशोदेशीचे प्रकार. नियमांत जिथे गावागणिक फरक आहे, तिथे एक पद्धत निवडून तसं नमूद केलं आहे. डॉमिनोला एकच अधिकृत नियमपुस्तक नाही, आणि घरोघरचे नियम हा त्याच्या मजेचा भागच आहे. फक्त कोणते नियम पाळायचे ते सोंगट्या ढवळण्याआधी ठरवा. उतारी कोणाची, अडलेल्या डावाचे गुण कोणाला, सामना शंभराचा की दोनशेचा, हे तिन्ही प्रश्न डावाच्या मध्यावर निघाले की भांडणंच होतात.

मोबाइलवर डॉमिनो आज सहज खेळता येतो आणि नियम पाठ व्हायला त्याचा उपयोगही होतो. पण तिथे पास झालेल्या भिडूचा चेहरा दिसत नाही, थांबलेल्या हाताची चलबिचल दिसत नाही, आणि आकडे मोजायचे कष्टही बऱ्याचदा यंत्रच घेतं. हा खेळ टेबलावर, माणसांबरोबर शिकावा. संच महाग नाही, पाटाएवढी सपाट जागा पुरते, आणि आजीपासून नातवापर्यंत कोणीही चौथा भिडू होऊ शकतो.

तेव्हा पुस्तिका बाजूला ठेवा आणि आधी तीन माणसं जमवा. सुरुवातीच्या डावांत सगळ्या सोंगट्यांचा हिशोब ठेवायला जाऊ नका. एकच आकडा निवडा आणि त्याच्या सातही सोंगट्या कुठे गेल्या तेवढं मोजा. तो जमला की दुसरा घ्या. आणि टेबलावर कोणी पास म्हणालं, की त्या क्षणी दोन्ही टोकांवर काय होतं ते लक्षात ठेवा. एवढं केलंत तर महिन्याभरात तुम्हाला हरवणं कठीण जाईल.